रोहिणीचा कलह आणि न झालेला तह
(पहिल्या महायुद्धाविषयी एक विचार)

धम्मपद-अट्ठकथेत सुखवग्गाच्या आरंभी शाक्य व कोलिय यांच्या कलहाची कथा आली आहे. कुणाल जातकाच्या प्रारंभी तीच कथा अधिक विस्ताराने सांगितली आहे. कपिलवस्तू आणि कोलियनगर यांच्यामधून रोहिणी नदी वाहत असे. तिला बांध घालून दोन्ही गणांचे लोक शेती करीत. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली आणि पाणी एकाच तीराला पुरेल एवढे उरले. शेतावर राबणाऱ्या दास-कर्मकरांमध्ये बोलाचाली झाली, एकमेकांच्या कुळाचा उद्धार झाला, गोष्ट अमात्यांपर्यंत व तेथून राजकुलांपर्यंत गेली, आणि दोन्ही सेना शस्त्रे घेऊन नदीच्या तीरांवर उभ्या राहिल्या. तथागत तेथे आले. पाण्याचे मोल किती आणि क्षत्रियांचे मोल किती, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे.

परंतु या कथेतील एका तपशिलाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. मोलाचा प्रश्न विचारण्यापूर्वी भगवंतांनी आणखी एक प्रश्न विचारला होता : हा कलह कशाविषयी आहे? राजांना त्याचे उत्तर देता आले नाही. उपराजाला ठाऊक असेल, असे ते म्हणाले. उपराजाने सेनापतीकडे बोट दाखविले. असे विचारीत विचारीत शेवटी प्रश्न दास-कर्मकरांपर्यंत आला, तेव्हा कोठे ‘पाण्याविषयी’ हे उत्तर मिळाले. मरण्यासाठी आणि मारण्यासाठी सज्ज झालेल्यांना आपण कशासाठी लढतो हे सांगता येत नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर, १९१६ च्या हिवाळ्यात, युरोपातील राष्ट्रांना हाच प्रश्न विचारला गेला होता. त्यांनी उत्तर देण्याचे टाळले. प्रस्तुत लेखात आम्ही त्या हिवाळ्यात होऊ शकलेल्या, पण न झालेल्या तहाचा विचार करणार आहोत. तो झाला असता तर जगाचे काय झाले असते, आणि आपल्या समाजाचे काय झाले असते, हे दोन्ही प्रश्न आम्हांस विचारात घ्यावयाचे आहेत. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे.

‘जर-तर’चा अधिकार

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो पुरता मान्य नाही. अमुक कारणामुळे अमुक घडले असे इतिहासकार जेव्हा म्हणतो, तेव्हा ते कारण नसते तर ती घटना घडली नसती, असेही तो सुचवीत असतो. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. तेथे कारण असताना काय होते याच्या जोडीला कारण नसताना काय होत नाही, याचाही विचार सांगितला आहे. निरोधाचा मार्ग त्या दुसऱ्या विचारातूनच निघतो. जे घडले ते अटळच होते असे मानले की युद्ध करणाऱ्यांची जबाबदारी संपते. हा एक प्रकारचा नियतिवाद होय, आणि मक्खलि गोसालाच्या मताचा भगवंतांनी किती कठोर शब्दांत निषेध केला होता, हे सुत्तपिटकाच्या वाचकांस ठाऊक आहे.

मात्र ‘जर-तर’च्या विचाराला मर्यादा हवी. ज्या क्षणी निर्णय खरोखर दोलायमान होता, तो क्षण आधी दाखविता आला पाहिजे. त्या क्षणापासून जितके दूर जावे, तितके विधान सौम्य केले पाहिजे. हे दोन नियम आम्ही पाळण्याचा प्रयत्न करू.

१९१६ चा हिवाळा

१९१६ हे वर्ष संपत आले तेव्हा युद्धाला सुमारे अडीच वर्षे झाली होती. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चाललेल्या व्हर्दूनच्या संग्रामात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सात लाख सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. सोमच्या लढाईत १ जुलै या एकाच दिवशी ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० सैनिक कामी आले अथवा जायबंदी झाले. त्यांपैकी १९,२४० मृत होते. नोव्हेंबरमध्ये ती लढाई थांबली तेव्हा उभय पक्षांची हानी दहा लाखांवर गेली होती आणि आघाडीची रेषा काही मैलच सरकली होती. इकडे मेसोपोटेमियात कुत-अल्-अमारा येथे एप्रिल १९१६ मध्ये सुमारे तेरा हजारांची फौज तुर्कांना शरण गेली. तिच्यात बहुसंख्य भारतीय शिपाई व त्यांचे सेवक होते. त्यांच्यापैकी कित्येक बंदिवासात मेले.

या स्थितीत तहाचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. तो सर्वप्रथम सत्तेच्या आतल्या गोटातूनच आला. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी लॉर्ड लॅन्सडाउन यांनी ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे एक टिपण ठेवले. आपली हानी अकरा लाखांवर गेली आहे, एका वर्षात वा दोन वर्षांत विजय मिळाला तरी त्याची किंमत कोणत्या लाभाने भरून निघेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. लॅन्सडाउन हे काही शांततावादी नव्हते. ते जुने जमीनदार, पूर्वीचे परराष्ट्रमंत्री, आणि १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांचा धाकटा मुलगा १९१४ च्या ऑक्टोबरात ईप्रच्या आघाडीवर मारला गेला होता. त्यांच्या टिपणाचा उपयोग झाला नाही. युद्धमंत्री लॉइड जॉर्ज यांनी सप्टेंबरमध्येच एका मुलाखतीत शत्रूला पुरते लोळविल्याविना थांबणार नाही, असे जाहीर केले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेच पंतप्रधान झाले.

१२ डिसेंबर रोजी जर्मन चॅन्सेलर बेथमान होल्वेग यांनी तहाच्या वाटाघाटींचा प्रस्ताव जाहीर केला. त्याआधी सहा दिवस जर्मन सैन्याने बुखारेस्ट घेतले होते. त्यामुळे प्रस्तावाची भाषा विजेत्याची होती, आणि अटी तर त्यात एकही नव्हती. १८ डिसेंबर रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी सर्व युद्धमान राष्ट्रांना पत्र धाडले आणि आपण कोणत्या अटींवर थांबाल ते स्पष्ट सांगा, अशी विनंती केली. रोहिणीच्या तीरावरचा प्रश्न तो हाच.

जर्मनीने आपल्या अटी जाहीर करण्याचे नाकारले. दोस्त राष्ट्रांनी ३० डिसेंबर रोजी जर्मन प्रस्ताव फेटाळला आणि १० जानेवारी १९१७ रोजी विल्सन यांना उत्तर दिले. त्यात बेल्जियम व सर्बिया यांच्या मुक्ततेबरोबरच तुर्कांना युरोपातून हुसकावण्यासारखी उद्दिष्टे होती. संपूर्ण विजयाविना ती साध्य होण्याजोगी नव्हती.

दोन्ही बाजूंचे हे मौन व ही संदिग्धता कशामुळे होती? उत्तर गुप्त करारांत आहे. १९१५ च्या मार्चमध्ये कॉन्स्टँटिनोपल रशियाला देण्याचे वचन दिले गेले होते. एप्रिलमध्ये लंडनच्या करारान्वये ऑस्ट्रियाचा मुलूख इटलीला देऊ केला होता. मे १९१६ मध्ये साइक्स-पिको करारान्वये ब्रिटन व फ्रान्स यांनी अरब प्रदेश आपसांत वाटून घेतला होता. जर्मनीने सप्टेंबर १९१४ मध्येच बेल्जियमला मांडलिक करण्याचा व फ्रान्सच्या लोहखाणी घेण्याचा आराखडा तयार केला होता. स्वराष्ट्ररक्षण आणि लहान राष्ट्रांचे स्वातंत्र्य या नावांनी ज्यांना खंदकांत उतरविले, त्यांना हे करार दाखविता येण्यासारखे नव्हते. रोहिणीच्या राजांना कलहाचे कारण ठाऊक नव्हते. या राज्यकर्त्यांना ते ठाऊक होते, आणि ते उघड सांगणे मात्र परवडणारे नव्हते.

प्लेस येथील निर्णय

निर्णय खरोखर दोलायमान होता असा क्षण ९ जानेवारी १९१७ चा होय, असे आमचे मत आहे. त्या दिवशी सायलेशियातील प्लेस येथे कैसर, हिंडेनबुर्ग, लुडेनडॉर्फ आणि नौसेनाप्रमुख होल्टझेनडॉर्फ यांची बैठक झाली. दरमहा सहा लाख टन जहाजे बुडविली तर इंग्लंड पाच महिन्यांत तहाची याचना करील, असा नौसेनाप्रमुखांचा हिशेब होता. तटस्थ राष्ट्रांची जहाजेही वगळू नयेत आणि १ फेब्रुवारीपासून अनिर्बंध पाणबुडीयुद्ध सुरू करावे, असे ठरले. बेथमान यांचा विरोध होता, परंतु त्यांनी अखेर मान तुकवली. दोन आठवड्यांनी, २२ जानेवारीला, विल्सन यांनी कोणाही एका पक्षाच्या विजयावर न उभारलेल्या शांततेची कल्पना आपल्या सेनेटपुढे मांडली. तोवर जर्मनीचा निर्णय होऊन चुकला होता. ६ एप्रिल रोजी अमेरिका युद्धात उतरली.

आता उलट बाजू पाहू. ब्रिटनची सारी खरेदी अमेरिकी कर्जावर चालली होती. २८ नोव्हेंबर १९१६ रोजीच अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकमंडळाने तारणाविना परकीय सरकारांना कर्जे देण्याविषयी तेथील बँकांना सावध केले होते. ब्रिटिश कोषागारात काम करणारे केन्स यांनीही डॉलरच्या टंचाईची जाणीव आपल्या सरकारला दिली होती. १५ मार्च रोजी रशियाच्या झारने सिंहासन सोडले. जर्मनीत लोक सलगमावर दिवस काढीत होते. ऑस्ट्रियाचे नवे सम्राट कार्ल यांनी मार्चमध्येच आपल्या मेव्हण्याच्या हातून फ्रान्सशी गुप्त बोलणे आरंभिले होते. म्हणजे प्लेस येथील निर्णय अवघे दहा आठवडे लांबला असता, तर अमेरिका तटस्थ राहिली असती, ब्रिटनचे कर्ज संपत आले असते, रशिया डळमळला असता आणि ऑस्ट्रिया तहास उत्सुक असता. विल्सन यांच्या शब्दामागे ऋणकोच्या गळ्यावरील धनकोचा हात असता. १९१७ च्या उन्हाळ्यात एखाद्या तटस्थ नगरीत परिषद भरली असती, ही कल्पना अशी निराधार नाही.

त्या परिषदेत काय ठरले असते? बहुधा १९१४ ची स्थिती थोड्याफार फरकाने परत आली असती. बेल्जियम व सर्बिया मोकळे झाले असते, उत्तर फ्रान्स रिकामा झाला असता, अल्सास-लोरेनविषयी काही तडजोड झाली असती. कोणालाही समाधान वाटले नसते.

परंतु निव्हेलची चढाई, पासेंडेल, कापोरेतो आणि १९१८ चे संग्राम झाले नसते, आणि बावीस महिन्यांतील लक्षावधी माणसे जगली असती. व्हर्सायच्या तहातील युद्धदोषाचे कलम लिहिले गेले नसते. १९२१ मध्ये जर्मनीवर लादलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची खंडणी नसती. पराभव सैन्याचा नसून घरभेद्यांचा आहे, ही जी दंतकथा हिटलरने पोसली, तिला जन्मच मिळाला नसता. जुलै १९१७ मध्ये जर्मन संसदेने २१२ विरुद्ध १२६ मतांनी तडजोडीच्या शांततेचा ठराव केला होता. तो पुढे आणणारे एर्ट्सबर्गर यांनाच पुढे पराभवाच्या शस्त्रसंधीवर स्वाक्षरी करावी लागली, आणि १९२१ मध्ये त्या ‘अपराधा’साठी त्यांची हत्या झाली. लवकर झालेल्या तहात याच मनुष्याचा सन्मान झाला असता. याच्या पलीकडे, दुसरे महायुद्ध टळलेच असते असे विधान आम्ही करीत नाही. त्याची काही प्रमुख कारणे निर्माण झाली नसती, एवढेच म्हणता येते.

एका वृद्ध उपासकांचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका अभ्यासवर्गात आम्ही हा विषय मांडला होता. व्याख्यान संपल्यावर मागील रांगेतील एक वृद्ध उपासक उठले. त्यांचे आजोबा त्या युद्धाच्या काळात पलटणीत भरती झाले होते. ते म्हणाले, “सर, ती लढाई लवकर थांबली असती, तर आमच्या आजोबांना बंदूक मिळाली असती का?”

आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर आम्हांसच समाधानकारक वाटले नाही. हा लेख त्या प्रश्नापायी लिहिला आहे.

प्रश्नामागील इतिहास असा. मुंबई इलाख्याच्या सैन्यात आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली होती. पलटणीमुळे वेतन आले, निवृत्तिवेतन आले, मुलांसाठी शाळा आली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच परंपरेतील होते, आणि बाबासाहेबांचा जन्मही १८९१ मध्ये महू येथील छावणीत झाला. पुढे ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त सरकारने स्वीकारला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या, पण दार उघडले नाही. येथे एक योगायोग नोंदविला पाहिजे. ते दार बंद झाले तेव्हा व्हाइसरॉय होते लॉर्ड लॅन्सडाउन, म्हणजे पुढे १९१६ मध्ये तहाची भाषा बोलणारे तेच गृहस्थ. ब्रिटिश अमीर-उमरावांच्या मुलांच्या प्राणांचे मोल त्यांना कळले होते. परंतु ज्यांची उपजीविका व प्रतिष्ठा त्यांच्या राजवटीत हिरावली गेली, त्यांचा विचार त्यांच्या टिपणात नव्हता.

दार उघडले ते १९१७ मध्ये. युद्धाला माणसे कमी पडू लागली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. त्याच वर्षी २० ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. तिच्यातून साउथबरो समिती आली, आणि जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी मांडली. याउलट, डिसेंबर १९१६ मध्ये, म्हणजे जर्मन प्रस्तावाच्याच महिन्यात, काँग्रेस व मुस्लिम लीग यांचा लखनौ करार झाला होता. त्यात अस्पृश्यांना स्थान नव्हते. युद्ध तेथेच थांबले असते तर सरकारसमोर ती एकच योजना उरली असती, आणि ब्रिटनलाही घाई राहिली नसती. तेव्हा वृद्ध उपासकांचा युक्तिवाद दुर्बळ नाही. लवकर आलेली शांतता आपल्याला कदाचित महाग पडली असती. हे मान्य केल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

युद्धाने दिले ते किती टिकले?

परंतु हिशेब येथे संपत नाही. १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. गरज होती तोवर जे शूर होते, ते गरज सरताच पुन्हा ‘अ-लढाऊ’ ठरले. दार पुन्हा उघडले ते १९४१ मध्ये. दुसरे महायुद्ध पेटले होते, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य झाले होते, आणि त्या वर्षी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. दार उघडण्यामीटण्याचा अधिकार प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हाती होता. दुसऱ्याच्या संकटापोटी मिळालेली वस्तू हक्क ठरत नाही, हा १९२१ चा धडा आहे.

आणि किंमत कोणी दिली? या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक व सेवक मेले. भरतीचा मोठा लोंढा शेवटच्या दोन वर्षांतला आहे. १९१७ मध्ये संथाळ, नागा, लुशाई, मणिपुरी अशा समाजांतील हजारो माणसांना फ्रान्समध्ये मजुरीसाठी नेण्यात आले. त्या भरतीच्या सक्तीविरुद्ध कुकी लोकांनी १९१७ ते १९१९ या काळात उठाव केला. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीवर दहा कोटी पौंडांची ‘भेट’ लादली गेली. बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश मृतांची नावे आहेत, तर सामान्य भारतीय शिपायांची त्यांच्या पलटणीच्या खाली केवळ संख्या कोरलेली आहे. युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने या विषमतेविषयी क्षमा मागितली ती २०२१ मध्ये, शंभर वर्षांनी. कलहाचे कारण सांगू शकणारे रोहिणीवरचे दास-कर्मकर होते. बसऱ्याच्या स्मारकावर नाव नसलेले तेच आहेत.

प्लेस येथील निर्णयाची एक झळ तर आपल्याला थेट लागली. १९१६ च्या ज्या नोव्हेंबरात लॅन्सडाउन यांचे टिपण मंत्रिमंडळापुढे होते, त्याच महिन्यात पंचवीस वर्षांचे भीमराव लंडनच्या ग्रेज इन येथे बॅरिस्टरीसाठी दाखल झाले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ते सुखरूप मुंबईस पोहोचले. परंतु त्यांचे सामान व ग्रंथ दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणबुडीने बुडविले. सामानाच्या नुकसानभरपाईची जी रक्कम हाती आली, तिच्यातून त्यांनी बडोद्याच्या नोकरीवर जाण्याचा खर्च भागविला, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर नमूद करतात. बडोद्यात त्यांच्या वाट्यास काय आले, हे सर्वश्रुत आहे. त्या उन्हाळ्यात तह झाला असता तर ते ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले नसते, एवढे तर निश्चित म्हणता येईल.

अन्याय्य शांततेचा आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. १९१४ ची स्थिती परत आणणारा तह म्हणजे १९१४ चा अन्याय परत आणणारा तह होय. पोलंड तीन साम्राज्यांत विभागलेला राहिला असता. चेक व स्लोव्हाक हॅप्सबुर्गांच्या प्रजेतच राहिले असते. १९१५ मध्ये ज्या आर्मेनियनांचा संहार झाला, त्यांचे मारेकरी सन्मानाने परिषदेत बसले असते. आणि हिंदुस्थान परतंत्रच राहिला असता. ज्यांच्यावर अन्याय होत असतो त्यांना ‘शांत राहा’ असे सांगणारे पुष्कळ असतात, आणि गावगाड्यातील शांतता म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे. म्हणून ज्या शांततेत अन्याय तसाच राहतो, तिच्याविषयी आपल्या वाचकांस शंका वाटणे योग्यच आहे.

या आक्षेपाचे उत्तर बाबासाहेबांच्याच एका प्रारंभीच्या लेखात शोधता येते, असे आम्हांस वाटते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी युद्धविरोधी भूमिका घेतल्यामुळे १९१६ मध्ये त्यांना अध्यापकपद गमवावे लागले, आणि १९१८ मध्ये तुरुंगवासही भोगावा लागला. त्यांच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण बाबासाहेबांनी १९१८ मध्येच, युद्धाच्या छायेत, एका भारतीय अर्थशास्त्रीय नियतकालिकात केले. रसेल यांचा युद्धविरोध म्हणजे निष्क्रियतेचा उपदेश नव्हे, असे त्यांनी तेथे दाखविले आहे. आपले गुरू जॉन ड्युई यांच्या विवेचनाचा आधार घेऊन शक्ती आणि हिंसा यांत त्यांनी भेद केला. शक्तीविना काहीच घडत नाही. प्रश्न एवढाच की, ती उभारणीसाठी वापरावयाची की नाशासाठी.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे तह आणि न्याय यांचा संबंध स्पष्ट होतो. तहामुळे न्याय मिळत नाही. तहामुळे न्यायासाठी झगडणारी माणसे जिवंत राहतात. युद्धाने पोलंड दिला, पण व्हर्सायच्या मागोमाग दुसरे युद्धही दिले, आणि त्यात तोच पोलंड सर्वांत आधी चिरडला गेला. आपल्यापुरते पाहिले तरी, युद्धाने दिलेली पलटण चार वर्षांत गेली. १९२७ च्या २० मार्चला महाड येथे चवदार तळ्यावर जे घडले, ते मात्र राहिले. तेथेही प्रश्न पाण्याचाच होता. तेथे जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनरही होते. बंदूक चालविलेल्या त्या हातांत तेथे शस्त्र नव्हते. परिषदेनंतर त्यांच्या बांधवांवर हल्ले झाले, तेव्हाही बाबासाहेबांनी त्यांस प्रतिहिंसेपासून रोखले. तो लढा मग न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. संविधानाचे सतरावे कलमही वादविवादाने, मतदानाने व लेखणीने आले. ते कोणत्याही युद्धाची बक्षिशी नव्हे.

त्या वृद्ध उपासकांस आम्ही आज असे म्हणू : बाबा, लढाई लवकर थांबली असती तर आपल्या आजोबांना १९१७ मध्ये बंदूक मिळाली नसती, हे खरे. ती १९२१ मध्ये त्यांच्या पिढीच्या हातून काढूनही घेतली गेली नसती. आपला हक्क मिळविण्याचे काम दोन्ही स्थितींत आपल्यालाच करावे लागले असते.

पाच दूत

शेवटी पुन्हा रोहिणीकडे वळू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीचा कलह सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. तेथे सिद्धार्थ शाक्यसंघापुढे युद्धाविरुद्ध उभा राहतो. त्याची सूचना नेमकी आहे : आपल्यातून दोन व कोलियांतून दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाचांनी कलह मिटवावा. संघ बहुमताने ती फेटाळतो, आणि सिद्धार्थाला परिव्रज्या स्वीकारावी लागते. पुढे राजगृहात त्याला परिव्राजकांकडून वार्ता कळते. त्याच्या जाण्यानंतर लोकांनी शांततेसाठी मोठी चळवळ केली, दोन्ही गणांनी पाच पाच दूत नेमले, आणि पाण्याच्या वाटणीचे कलह सोडविण्यासाठी एक कायम मंडळ स्थापन करण्याचे ठरले. १९१७ मध्ये जे घडले नाही, ते बाबासाहेबांच्या कथेत घडते. तेथेही ते राजांच्या उपरतीने घडत नाही. त्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागते.

परिव्राजक सिद्धार्थाला म्हणतात, आता घरी परत जा. तो जात नाही. युद्ध मिटल्याचा त्याला आनंद होतो. परंतु राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धाहून समाजातील वर्गावर्गांमधला कलह अधिक व्यापक व नित्य आहे, आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याच्या ध्यानी येते. म्हणून त्याचा शोध पुढे चालू राहतो.

न झालेल्या तहाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे होते ते या प्रसंगात आले आहे. १९१७ मध्ये तह झाला असता तर लक्षावधी माणसे घरी परतली असती. ज्या गावांत ती परतली असती, तेथील कलह तसाच असता, आणि तो मिटविण्याचे काम करावयास ती जिवंत असती. पाण्याचे मोल आणि माणसाचे मोल यांची तुलना करण्यास सांगणाऱ्या त्या प्रश्नाचा हाच अर्थ आम्ही समजतो.